जखमेचं ताट

मिरजेच्या जळीत वॉर्डात दर मंगळवारी वजन.
चादरीसकट उचलायचं, काट्यावर ठेवायचं,
मग चादरीचं वजा.
भूपाल चौगुले, खाट नऊ :
एकसष्टाचे सत्तेचाळीस.
चौदा किलो माणूस गेला कुठं,
मी सिस्टरला विचारलं,
एसटीत राहिलेली पिशवी विचारावी तसं.

ती म्हणाली, जखम जेवते, वहिनी.
त्यांच्या आधी जेवते. रात्री झोपेतसुद्धा.
ताटात नसलं
तर मांडीतलं काढून घेते.

आणि आम्ही?
भाजलेल्याला डाळ देऊ नये, पू धरतो,
असा समडोळीहून सासूबाईंचा निरोप.
अठरा दिवस पेज,
तीही वरची निवळ.
शिवाय ऑपरेशनच्या सकाळी उपाशी ठेवायचं,
दुपारी कळायचं, आज नंबर नाही,
तोवर जेवणाची गाडी पुढच्या वॉर्डात.
असं चार वेळा.

वीस हंगामांचे गुळव्या.
चिमटीत पाकाची तार धरून सांगायचे,
उतरवा. आत्ता.
त्याच काहिलीच्या काठावर पाय सरकला.
ती चिमूट आता पट्टीत आहे,
आणि चमचा नेला की मान भिंतीकडं.

आमच्यात अंड्याचं नाव काढत नाहीत.
धर्मशाळेच्या मागं, जुबेदाआपाच्या स्टोव्हवर
मी ते उकडायला शिकले,
पांढरं कुस्करून भातात लपवलं.
त्यांना कळलं.
ओठांत णमोकार हलला, मग गिळलं.

माझी वही अशी :
दूध अर्धा पेला. उलटी. दूध पाव पेला.
दाण्याचं कूट दोन चमचे.
ड्रेसिंग. ओरडले. काही नाही.
अंडं दीड.

काल राजमती, धाकटी जाऊ,
शेंगदाण्याचे लाडू घेऊन आली. गुळातले.
तिला कसं सुचलं नाही!
मी डबा पदराखाली घेतला, पण वास
पदराला कुठं ऐकतो.

त्यांनी तोंड उघडलं.
तुकडा बराच वेळ घोळवला,
भुवया जवळ आल्या,
मध्ये नवी कातडी, टोमॅटोच्या सालीएवढी पातळ.

कच्चा उतरवलाय, म्हणाले.
दोन मिनिटं अजून पाहिजे होती.
कुणाचं गुऱ्हाळ?

राजमती रडायला लागली.
ते तिच्याकडं बघतच नव्हते.
पट्टीतला हात माझ्याकडं हलला :
अजून एक तुकडा दे,
खात्री करतो.