रनटाइम एरर दोनशे

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, एप्रिलच्या दुपारी,
पत्र्याखाली मी पोचले
तेव्हा जुना संगणक टेबलावर आडवा होता.
पोट उघडं, आत अठ्ठावीस वर्षांचा कापूस.
"काल संध्याकाळी धूर आला," अंबादास दुडम म्हणाले,
पेशंटचे नातेवाईक सांगतात तसं, वेळेसकट.

नवा शेजारीच होता,
थर्माकोल अजून पायाशी.
त्यात त्यांचा प्रोग्राम टाकला.
हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही, तो म्हणाला
इतक्या सभ्यपणे
की दुडमशेठना वाटलं, पुढच्या आठवड्यात चालेल.

प्रोग्राम नरहरी गुर्रम यांचा.
दाजी पेठेतल्या एका खोलीत, बायको समोर विड्या वळत असताना
त्यांनी तो लिहिला.
कागदावरची चौकट भरलेली असेल तर पुठ्ठ्याला भोक,
रिकामी असेल तर पुठ्ठा.
जकार्डला एवढंच कळतं.
मलाही, खरं तर, एवढंच.

मी नव्याच्या आत एक जुना मांडला,
नसलेला संगणक, नसलेल्या फ्लॉपीसकट,
आणि प्रोग्रामला त्यात सोडलं.
त्यानं डोळे उघडले आणि लगेच मिटले.
रनटाइम एरर दोनशे.

ही चूक मला माहीत आहे.
त्या काळचे प्रोग्राम सुरू होताना आधी मोजून बघायचे
की आपण किती वेगाच्या जगात आहोत.
पापणी लवेपर्यंत आकडे म्हणायचे, भागाकार करायचे,
आणि उत्तर एका छोट्या खणात ठेवायचे.
आताचं उत्तर त्या खणात मावत नाही.
प्रोग्राममध्ये बिघाड नसतो.
तो फक्त विचारतो, आणि जे ऐकू येतं त्यानं कोसळतो.

म्हणून मी जग हळू केलं.
आणखी हळू.
पंचिंग मशीनची केबल पंचवीस पिनांची,
नव्याला तेवढं तोंडच नाही;
नवी पेठेत एका दुकानदारानं माळ्यावरून कार्ड काढून दिलं,
पैसे सांगताना हसला.
सालाची जागा दोनच आकड्यांची होती.
मी शहाण्णव टाकलं.
खोटं बोलायचं तर त्याला पटेल असं बोलावं.

आणि निळा पडदा आला.
वर नाव, गुर्रम, खाली
अडचण आल्यास फोन करा,
आणि सहा आकडी नंबर.
दुडमशेठ तो नंबर बराच वेळ बघत राहिले.
"आता सात आकडी झालेत," मी उगाचच म्हणाले.
"ते ठाऊक आहे ओ," ते म्हणाले. "माणूस तर कुठाय."

त्यांची मुलगी शर्वणी चहा घेऊन आली.
"पप्पा, मी फोनवर असलं डिझाइन दहा मिनिटांत करते."
"करतीस की. मग लूमला फोन लाव."

पावणेसहाला पहिला पुठ्ठा भोकं पाडून बाहेर पडला,
मग दुसरा,
मग मोजायचं सोडलं.
रात्री ते शिवून दोरीला लावले, माळेसारखे, मागावर चढवले,
आणि खडखडाट सुरू झाला
ज्यात तेलुगूही ऐकू येत नाही आणि मराठीही.

मी थांबायला नको होतं, बिल लिहून झालं होतं.
पण चादर वीतभर, मग हातभर आली:
काठ, वेल, वेलीवर मोर.
दुडमशेठ वाकले.
चष्मा कपाळावर ढकलला, बोट मोराच्या डोळ्याशी नेलं.
तिथं एक टाका कमी होता.

मी म्हणाले, थांबवा, बघते,
बहुतेक पोर्टवर एखादा बिट गळतोय.
"गळत नाही काही," ते म्हणाले.
"गुर्रमचाच आहे तो. पहिल्या दिवसापासून.
कितींदा सांगितलं, दुरुस्त कर बाबा. करतो म्हणायचा."

आणि बोट तिथंच ठेवून
लूमवरच्या पोराला ओरडून म्हणाले,
"बरोबर आलंय. चालू दे."