पाऊण

मूरगेट. रात्रीचे साडेबारा.
सिक्युरिटीच्या मॉनिटरवर मी
डेल्मिराला आकडे काढून देतो :
कोचाबाम्बा ते सान्ता क्रूझ,
हवाई अंतर सव्वातीनशे किलोमीटर,
वेळ – तोंडातल्या तोंडात म्हणतो – पाऊण तास.

पाऊण म्हणजे?
मी बोटं जवळ आणून दाखवतो,
एकाला एवढंसं कमी.
आमच्यात त्याला अख्खा शब्द आहे.

मुलगी पहिल्यांदाच विमानात बसलीये, एकटी.
ही इकडे आली तेव्हा सात वर्षांची होती.
आता म्हणे आईचेच बूट होतात तिला.
म्हणजे, होतील.

एरवी लॉबी वीस मिनिटांत उरकते.
आज लिफ्टपासून फिरत्या दारापर्यंत
एकेक फरशी पुसत येते,
डोंगरावरून खाली उतरावं तशी,
पाय चाचपत.

एक वाजून वीस.
फोन गप्प.
बॅग यायला वेळ लागतो, मी म्हणतो.
बॅग नाहीये, ती म्हणते,
हातातली पिशवी आहे फक्त.

यावर माझ्याकडे आकडा नाही.
ओल्या फरशीच्या कडेला
आम्ही दोघं उभे.
पलीकडे जायचंय,
पण वाळू दे आधी.