चुकीच्या रंगाचा उंट

त्या गुरुवारी माझा प्रोग्रॅम
पेडणेकरांच्या सव्वाचारने पुढे होता.
निदान त्याला तसं वाटत होतं.
एक उंट जास्त, एक प्यादं जास्त.
हिशेब मीच शिकवलेला : उंटाचे तीन, प्याद्याचा एक,
वरचा पाव राजा जवळ आला म्हणून.
शेवटचे हत्तीही त्याने आनंदाने उतरवून टाकले.
(आनंदाने हा शब्द माझा. त्याच्याकडे तशी सोय नाही.)

पेडणेकर, बेस्टचे निवृत्त मीटर रीडर,
खेतवाडी अकरावी गल्ली, तळमजला,
काही बोलले नाहीत.
बशीतला चहा संपवला,
काळा राजा एकेक घर सरकवत
पटाच्या टोकाला नेऊन ठेवला.
कोपरा पांढरा.
माझा उंट काळ्या घरांचा.
"काढ आता मला इथून."

नाही निघत.
उंट कितीही तिरका फिरला
तरी ते घर त्याच्या जन्मात नाही.
प्यादं उंबऱ्याशी येऊन उभं राहतं.
आणखी रेटलं तर
राजाला शह नाही आणि हलायलाही जागा नाही,
डाव तिथेच बरोबरीत मिटतो.
स्क्रीनवर तरीही सव्वाचार,
सव्वाचार,
जणू गिऱ्हाईक आता सही करणारच.

रात्री घाटकोपरला येऊन नऊ ओळी लिहिल्या.
प्यादं कडेच्या पट्टीवर असेल,
कोपऱ्याचा रंग उंटाचा नसेल,
समोरचा राजा आधी पोचला असेल,
तर बेरीज करू नकोस.
शून्य म्हण.
पेडणेकरांना हे चौऱ्याहत्तर सालापासून ठाऊक,
एका पावसाळी संपात,
हरता हरता राहिले तेव्हापासून.

मग मी सगळे शेवटच उतरवून घेतले.
दीडशे जीबी, चार रात्री,
पंखा लॅपटॉपकडे वळवून.
ज्यांनी ते रचलं
त्यांनी मातेपासून सुरुवात केली,
संपलेल्या डावातून एकेक चाल परत घेत
मागे, अजून मागे.
पेडणेकरांना हे लगेच पटलं.
"आजचं रीडिंग, मागचं रीडिंग,
त्याच्या मागचं. मीटर खोटं बोलत नाही,
माणूस दारच उघडत नाही."

आता राजे धरून सहा मोहरे उरले
की प्रोग्रॅम विचार करणं सोडून देतो.
नुसतं बघतो : जिंकलेलं, हरलेलं, बरोबरी.
"आणि सातवा मोहरा असला तर?"
तेव्हा अंदाज, मी म्हटलं.
"मग ठीक आहे," म्हणाले,
का ठीक ते सांगितलं नाही.

इमारतीतली बाकी चौदा बिऱ्हाडं
मानखुर्डला गेली.
जिन्यातला दिवा काढून नेला कुणीतरी.
खालून मेट्रो जाते तेव्हा
पटावरचे घोडे किंचित थरथरतात,
आणि पेडणेकर बोटाने त्यांना
घराच्या मधोमध आणतात.

काल पुन्हा तसाच डाव पडला.
तोच कोपरा, तोच उंट.
प्रोग्रॅमने तत्काळ बरोबरी देऊ केली.
शून्य पूर्णांक शून्य शून्य.
"नको," म्हणाले, "नियम पन्नास चालींचा आहे ना?"
आणि काडेपेटी ओतली बशीत.
राजा कोपऱ्यात. राजा शेजारच्या घरात.
राजा कोपऱ्यात.
दर चालीला एक काडी.
तो चुकत नव्हता कारण त्याला सगळं माहीत होतं.
हे चुकत नव्हते.

एकतिसाव्या काडीला
बिल्डरचा माणूस फाइल घेऊन आला,
चप्पल न काढता आत उभा राहिला.
"काका, तेवढा कागद—"
पेडणेकरांनी मान वर केली नाही.
"थांबा जरा," म्हणाले,
"माझी चाल आहे."