झडती

माझी नोकरी नोटांच्या छापखान्यात, नाशिकरोडला.
दिवसभर खरे पैसे मोजायचे,
सुटताना गेटवर हात वर करून झडती द्यायची,
मग सिटी बस धरून शालिमार,
आणि तालमीत खोटे पैसे मोजायचे:
वर्तमानपत्राचे तुकडे, वर-खाली एकेक रंगीत कागद.
बोटांना फरक कळायचा नाही.
अंगठा तसाच सरकायचा.

नट नव्हतो मी. आवाज बसका, उंची बेताची.
मला मिळाली विंग, एक स्टूल,
लाल कागद गुंडाळलेला बल्ब आणि वही.
प्रॉम्प्टर.
म्हणजे सगळ्यांच्या ओळी पाठ,
आणि एकही आपली नाही.

विंगेतून नाटक दिसत नाही, नाटकाची कड दिसते:
सासऱ्याच्या कोटाला मागून लावलेल्या टाचण्या वगैरे.
प्रेक्षक तर नुसते ऐकू येतात.
खोकल्याचं मी बरंच टिपून ठेवलंय.
थंडीचा वेगळा, कंटाळ्याचा वेगळा.
कंटाळ्याचा एकाला आला की पुढे रांग धरतो.
आणि पहिल्या दोन घंटांना लोक बोलत राहतात,
तिसरीला गप्प.
घंटा तीच, वाजवणारा सदू कातकाडेही तोच.
तिसरी वेगळी वाजवतोस का रे, विचारलं त्याला.
नाही, म्हणाला, पण तेव्हा माझा हात कापतो.

पेटी बिघडली की तांबट आळीत, हनीफभाईंकडे.
आजूबाजूला सतरा हातोड्या.
या ठणठणाटात तुम्हाला सूर लागतो कसा?
ते म्हणायचे, त्याच्यावरच लावतो.
समोरचा हंडा सकाळी काळी चारला बोलतो,
दुपारी तापला की किंचित उतरतो, तेवढं सांभाळायचं.
आता समोर मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे.
शांतता भरपूर.
हनीफभाई पट्टी दाबून धरतात
आणि बाहेर बघत राहतात,
कोणीतरी हां म्हणायचं राहून गेल्यासारखे.

सिनेमेही पाहिले, रात्रपाळी नसली की.
एकच चित्रपट पाच-पाचदा.
बायकोला वाटायचं, नटीसाठी.
मी वाट बघायचो, की तो नायक
एकदा तरी ओळ विसरेल.
पाचही वेळा त्याला सगळं आठवायचं.
सिनेमात मला करण्यासारखं काही नव्हतं.
ते थेटर पाडलं. तिकिटाची खिडकी तेवढी उरलीय,
तिच्यातून झेरॉक्स मिळते.

आता जे सांगायचं ते.
स्पर्धेचा प्रयोग, डिसेंबर.
मुरलीधर गायधनी बापाच्या भूमिकेत.
बारा वर्षांनी मुलगी दारात येते
आणि त्यानं म्हणायचं असतं: बस, चहा टाकतो.
तीन शब्द. तालमीत कधी अडला नाही.
त्या रात्री अडला.
खुर्चीच्या पाठीवर हात, तोंड अर्धं उघडं,
डोळा विंगेकडे. माझ्याकडे.
वहीत माझं बोट त्याच ओळीवर होतं.
आणि सभागृहात एक खोकला नव्हता.
डिसेंबरात. सहाशे माणसं.
मी ओळ दिली नाही.

अकरापर्यंत मोजलं, मोजायची सवयच.
मग हेमांगी आपणहून पुढे झाली,
खुर्चीत बसली, नाटक सरकलं.
परीक्षकांनी त्या विरामाचं कौतुक केलं.
रंग पुसताना मुरलीधर म्हणाला,
पान हरवलं होतं का रे तुझं?
हो, म्हणालो.
पुढच्या प्रयोगापासून तो तिथं मुद्दाम थांबायला लागला,
आणि लोक खोकायला लागले.

मुरलीधर जाऊन सहा वर्षं झाली. मीही निवृत्त.
एकतीस वर्षं गेटवर हात वर केले,
बूट काढून दाखवले, डबा उघडून दाखवला,
कागदाचा कपटा बाहेर आणला नाही.
त्या तीन शब्दांसाठी कोणी झडती घेतली नाही.

घरी कोणी आलं की चहाचं बायकोच विचारते.
मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून
उभा असतो.