तिसरा रकाना

पहिल्या दिवशी वर्गात शिरताना
हात आपोआप कमरेकडे गेला.
किल्ल्या नव्हत्या.
बावीस वर्षं डाव्या अंगाला त्यांचं वजन होतं,
अजून चालते तशीच, किंचित कलून.
कंपूत रिक्षाला हात करताना बहीण म्हणाली,
आता तरी सरळ चाल गं, प्राध्यापक झालीस.

दार उघडंच ठेवलं.
बावन्न मुली, तीन मुलगे. मोजले.
जेवणानंतर चमचे मोजायची सवय,
म्हणून पुन्हा एकदा मोजले.

मुलाखतीत विचारलं होतं, शोधनिबंध किती?
दोन, मी म्हटलं.
एक रजईत बसून लिहिला, मुलाच्या दहावीच्या हिवाळ्यात,
दुसऱ्याची आकडेमोड थाटीपूरच्या एका शिकवणीवाल्यानं
गजकाच्या दोन डब्यांवर करून दिली.
रात्रपाळीची रजिस्टरं कुणी मागितली नाहीत.
त्यांत एकच ओळ किती हजार वेळा लिहिली असेल मी:
रात शांत. सब सोए.
बहुतेक वेळा ते खोटं असायचं.
कुणी झोपलेलं नसायचं.

आज शिकवायचं होतं, संभाषणाची नोंद कशी ठेवावी.
फळ्यावर तीन रकाने आखले.
रुग्ण काय म्हणाला. परिचारिका काय म्हणाली. विश्लेषण.
पुस्तकात हे इंग्रजीत असतं, वर्गात हिंदीत उतरतं,
आणि मला घाबरल्यावर अजून मराठीतच सुचतं.

उदाहरणाला कुसुमा तोमर घेतली.
नाव बदललेलं. इथेही तेच बदललेलं.
भिंडकडची. सात महिने शब्द नाही.
मे महिन्यातली लू, खिडकीच्या जाळीवर ओलं पोतं,
आणि मी सरसोंचं तेल चोळून
तिच्या केसांतली जट सोडवत बसलेली.
ती म्हणाली,
बिन्नू, तुम कहाँ की हौ?
मी इतकी दचकले की उत्तर मराठीत गेलं:
अगं, इथलीच की!

ती हसली.
पुढे रोज गोळी देताना तेच. इथलीच की.
मग तोंड उघडायची, जीभ उचलून दाखवायची
खाली काही लपवलं नाही म्हणून,
आणि जीभ जागेवर आली की परत,
इथलीच की.

दोन रकाने भरले. खडू तिसऱ्याशी अडला.
मागच्या बाकावरून अर्चिता भदौरियाचा हात वर:
मॅम, इसमें थेरप्यूटिक क्या हुआ?
पेपर में क्या लिखें?
तिचंही बरोबर. पाच मार्कांचा प्रश्न असतो.
मी म्हटलं, लिहा, विश्वास निर्माण झाला.
पंचावन्न पेनं एकदम खाली वाकली.
मला जरा लाज वाटली.

म्हणून मग सांगून टाकलं
की कंगवा माझाच होता, वॉर्डातला हरवला होता,
आणि हे नियमात बसत नाही.
की तिला न्यायला भाऊ ट्रॅक्टर घेऊन आला
त्या दिवशी माझी सुटी होती.
दुसऱ्या कुणाच्या अक्षरात वाचलं, मरीज घर गई.
त्यापुढचं मला माहीत नाही.
हे कुणी लिहून घेतलं नाही.
पेनांची टोपणं लागली, घंटा झाली.

तीन मुलग्यांतला एक, देवव्रत,
फळा पुसायला थांबला.
एक रकाना पुसला, दुसरा अर्धा पुसला,
आणि फळ्याकडेच तोंड ठेवून म्हणाला,
मॅम, हमारे यहाँ बुआ हैं.
एवढंच.
डस्टर तसंच वर.

मी खुर्ची ओढली, समोर नाही,
थोडी बाजूला, दार त्याला दिसेल अशी.
बसले.
पुढच्या तासाचे सर दारात आले, घड्याळ पाहत,
काहीतरी म्हणणार होते.
त्यांच्याकडे न बघता मी हात केला,
तळवा खाली, हळूहळू,
रात्री दोन वाजता
वॉर्डबॉयला करायचे तसा.