उलटा टाका

गगनबावड्याच्या घाटातली सडकी फांदी,
तिच्यावर नखाएवढ्या सात पांढऱ्या छत्र्या.
पिशवीवर तारीख, आणि इंगवले मॅडमच्या अक्षरात
एवढंच: क्लॅम्प आहे का?
असला तर एक नाव, नसला तर दुसरंच.

महिनाभर ब्लेडनं काप घेतले,
पापणीच्या केसाहून पातळ.
काँगो रेडचा थेंब, वर काच, काचेवर तेल,
शंभराचं भिंग.
दिसायचे नुसते धागे,
उसासारखे पेरापेरानं वाढलेले,
पेरापेरात आडपडदा.
पडद्याला मधोमध भोक असतं म्हणे,
भोकाला दोन्हीकडून टोपी.
ते बघायचं यंत्र आमच्या विभागात नाही.
मी वहीत लिहिलं: क्लॅम्प दिसत नाही.
खोडलं. परत लिहिलं.

शनिवारी अण्णा घराची किल्ली द्यायला आले.
सुभाषनगरात चाळीस वर्षं चपला शिवल्या,
आता आंगठा वळत नाही.
"काय बघतीस गं एवढं?"
स्टुलावर बसले, एक डोळा मिटला,
सुईत वादी ओवताना मिटायचे तसाच.
बराच वेळ काही बोलले नाहीत.

"ह्यो काय, उलटा टाका हाय की.
दोरा फुडं गेला, थांबला,
मागं वळून आपल्याच अंगात शिरला.
असं न्हाई केलं तर चार पावलांत उसवतंय."

मी बघितलं.
पडद्याच्या कुशीला बाकदार आकडा.
पुढच्या पडद्यालाही. त्याच्या पुढच्याही.
महिनाभर मी त्याला कचरा समजत होते.

मग अण्णांना सांगितलं, जमेल तसं:
एका पेशीत दोन केंद्रकं राहतात,
दोन वेगळ्या घरांतून आलेली.
एकत्र राहतात, एक होत नाहीत.
पेशी वाटली जाताना एक मागं अडकतं,
त्याला जोडीदारापाशी पोचवायला हा आकडा.

अण्णा भिंगावरून उठले नाहीत.
आई वेणी वळायची, हे टाच शिवायचे,
एकाच चपलेवर, एकमेकांकडे पाठ करून.
दिवसाकाठी शब्द किती?
"वादी दे." "घ्या."

कल्ल्याच्या कडेला गदेसारखी फुगलेली पेशी असते,
तिथं ती दोन केंद्रकं एकदाच मिसळतात, क्षणभर,
आणि लगेच फुटून चार होतात.
चार शिंगांवर चार बीजाणू,
बुडाशी पाण्याचा टिपूस,
टिपूस फुगला की उडाले.
हे अण्णांना सांगितलं नाही.
आम्ही भावंडं किती, ते त्यांना ठाऊक आहे.

जाताना त्यांनी वहीतलं माझं चित्र बघितलं.
"टाका ढिल्ला काढलायस," म्हणाले,
"अंगाला चिकटून पायजे."
मी खोडरबर शोधलं.