रेषाखंड

सप्टेंबरपासून मी ऐरोलीत आहे
असं म्हणायला हरकत नाही.
खरं तर मी बारा नंबरमध्ये आहे,
सिडकोच्या तिसऱ्या मजल्यावर,
जिथून सेक्टरचा रुंद रस्ता दिसतो
आणि मी पडदा ओढते.

मैदानावर प्रार्थना चालू होती.
कुणी काही केलं नव्हतं मला.
फक्त वर आकाश होतं आणि त्याला कडा नव्हत्या.
हातांना मुंग्या आल्या, कान बुडाले,
मैदान चारी बाजूंनी लांब लांब जात राहिलं.
बाईंनी रिक्षात घालून घरी आणलं.
मग बस सुटली, मग दुकान, मग जिना.
लोकरीचा स्वेटर धुतल्यावर आटतो
तसं जग आटलं,
हळूहळू डोक्यातून शिरेनासं झालं.

आत्या म्हणाली, लाड आहेत.
बाबा म्हणाले, गावी नेऊन आणू,
म्हणजे परत तेच, बाहेर.
आई काहीच म्हणाली नाही.
तिने माझ्या चपला रॅकच्या खालच्या कप्प्यातून
वरच्या कप्प्यात आणून ठेवल्या.

नववीच्या भूमितीत होतं:
किरणाला आरंभबिंदू असतो, शेवट नसतो.
त्याखाली मी पेन्सिलीने लिहिलं, हेच.
उंबऱ्याबाहेरचं पाऊल म्हणजे किरण,
निघालं की निघालंच.
डॉक्टर मॅडमना पान दाखवलं.
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, मग आपण रेषाखंड काढू.
दोन टोकांचा. अगदी दोन सेंटिमीटरचा.

म्हणून गेटवरचं रजिस्टर.
रात्रपाळीला दिवा कोळीवाड्याचे तांडेलकाका,
पेन सुतळीने टेबलाला बांधलेलं.
"नाव लिव. टायम लिव.
आईनं नाय लिवायचा, तूच लिव."
'काम' या रकान्यात मी लिहिलं: गेट.
गेली नऊ दहा, आली नऊ बारा.

डिसेंबरभर माझं अक्षर
गॅसवाला, कुरिअर आणि सहा नंबरचे जावई
यांच्या मध्ये दाटीवाटीने उभं.
काम: बदामाचं झाड.
काम: झेरॉक्सचं दुकान, बंद होतं.
काम: सिग्नलच्या अलीकडे.
एकदा नुसतंच: नाही जमलं.
गेली साडेनऊ, आली साडेनऊ.
काकांनी त्याच्यापुढेही सही घेतली.

मार्चमध्ये हॉलतिकीट आलं.
फोटो आठवीतला, मागे झाडं,
मी उघड्यावर उभी आहे आणि चक्क हसते आहे.
दाराजवळचा बाक मागितला होता आम्ही,
मिळाला मधल्या ओळीतला, पंख्याखालचा.

भूमितीच्या पेपराला चाळीस मिनिटं झाली
आणि ते आलंच.
आधी बोटं, मग कान,
मग वर्गाच्या भिंती मागे मागे सरकायला लागल्या.
पेन ठेवलं. बाकाच्या खालून हात फिरवला:
कुणाचं तरी वाळलेलं च्युइंगगम, एक खिळा, कोरलेला र.
तो र कुणाचा असेल, रश्मी की रोहिदास,
की नुसताच सुरू करून सोडलेला शब्द,
असं करत करत पर्यवेक्षिका दोनदा बाजूने गेल्या.
मी उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात
अकरा ते एक असा रेषाखंड काढला,
चाळीस मिनिटांवर एक टिंब दिलं.
टिंब टोकाच्या आत होतं.
सिद्धतेचे तीन मार्क गेले.
पक्ष आणि साध्य मात्र लिहिलं.

परत आले तर दिवसपाळीचा वॉचमन,
नवा असावा, की मीच त्याला नवी.
दंडा आडवा धरून म्हणाला, कोणाकडे?
सात महिने ज्या घरातून हलले नाही
त्या घराचा नंबर सांगताना जीभ अडखळली.
बारा. उबाळे. केतकी.
तो म्हणाला, सही करा.
मी सुतळी ताणून लिहिलं:
आली, एक बेचाळीस.

आई वर खिडकीत होती, पडदा बाजूला.
परवा विज्ञान.
आत्ताच पोटात ढवळतंय,
पण चपला मी आज
खालच्या कप्प्यात ठेवल्या आहेत, सगळ्यांच्यात.